आमचा संध्याकाळचा तास

नगरच्या आमच्या सरकारी रेडिओ केंद्रात माइकसमोर एक शब्द जादा बोलायची सोय नाही, त्यामुळं सगळे किस्से कँटीनमध्ये साठतात. मी इथली निवेदिका. शेतकऱ्यांसाठीचा माझा संध्याकाळचा तास बंद करून तिथं मुंबईचा कार्यक्रम रिले करायचा, असं वर ठरत आलं होतं. तो वाचला, जीव भांड्यात पडला, म्हणून आता हसत सांगतेय!

*

आमच्याकडं खिळा ठोकायचा तरी मंजुरी दिल्लीची! ऐन मे महिन्यात स्टुडिओचा एसी गेला. कागद मुंबईमार्गे दिल्लीला पोचेपर्यंत डिसेंबर उजाडला. तिकडून फोन आला, "अरे भाई, इतनी ठंड में एसी?"

*

एकदा लाइव्ह मुलाखतीत लाईट गेली, जनरेटरही रुसला. आमचे केंद्रप्रमुख पाटोळे साहेब वीज मंडळाच्या वायरमनवर तापले, "केंद्र सरकारचं रेडिओ स्टेशन आहे हे!"

तो खांबावरूनच म्हणाला, "आसंल साहेब, पन तार राज्याची हाय!"

*

श्रीरामपूरच्या एक आजी फोन-इनमध्ये तज्ज्ञांना बोलूच देईनात. "कपाशीचं ऱ्हाऊ द्या, आदी माजं गानं लावा."

मी म्हटलं, "आजी, हा शेतीचा कार्यक्रम आहे."

"व्हय, पन पोष्टात रेडिओचं लायसन आमच्या मालकांनी भरल्यालं हाय!"

लायसन बंद होऊन जमाना झाला. तरी गाणं लावलं!

*

रिलेचा प्रयोग आठवडाभर चालला. घसा ठणठणीत आणि बोलायचं काही नाही, मला रडूच यायचं. शेवटी दिल्लीचे मोठे साहेब पाहणीला आले. परत निघताना गाडीची वाट बघत आम्ही सगळे गेटपाशी उभे होतो. तेवढ्यात देवळाली प्रवऱ्याहून एसटीनं आलेले एक आजोबा येऊन टेकले. मान खाली.

पाटोळे साहेबांनी विचारलं, "कुणाकडं आलात?"

"रेडिओवाल्या बाई गेल्या नव्हं आमच्या? आठवडा झाला, आवाज न्हाई. गावाच्या वतीनं भेटाया आलोय."

दिल्लीचे साहेब हात बांधून उभे. आजोबांना वाटलं, घरचेच असणार. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा!"

"अहो आजोबा, मीच ती!" मी ओरडलेच.

त्यांनी डोळे मिटले. "पुन्यांदा बोला."

मी रोजच्यासारखं "नमस्कार मंडळी!" म्हटलं. आजोबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, माझ्याही. पाटोळे साहेब हळूच दिल्लीच्या साहेबांना सगळं हिंदीत सांगत होते.

आजोबा परत त्या साहेबांकडं वळले.

"बाई तर जित्या हायेत. मंग गेलं कोन?"