एकतीस आणि बत्तीस नंबरच्या मुलाखती

शिवकन्या नेमकं काय काम करते, हे सांगायची वेळ एकदा तिच्या आईवर, पंचफुलाबाईंवर आली. मुलगी पाहायला पाहुणे आले होते, हातात पोह्यांच्या बशा होत्या. "भांडणं ऐकती," बाई म्हणाल्या, "आन् लिहून ठिवती." पाहुण्यांनी पोहे संपवले आणि जे गेले ते गेलेच. हे मला शिवकन्येनंच हसत हसत सांगितलं.

मी गंगाखेडच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. इतिहासाला यायची ती बहुतेक दुसरीकडं कुठं नंबर न लागलेली पोरं. तहाची कलमं पाठ करायची, परीक्षेत ओकायची आणि मोकळं व्हायचं. त्यात ही एक निघाली. एकदा उभी राहून म्हणाली, "सर, तह झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती माणसं एकमेकांशी काय बोलली असतील?" हे पुस्तकात नव्हतं आणि मलाही ठाऊक नव्हतं. मी तिला खाली बस म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शांतता आणि संघर्ष या विषयात एमए करता येतं, त्याची सोय दिल्लीला आहे, हे शोधून तिला अर्ज करायला लावला तो मीच. म्हणजे पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

दिल्लीत तिनं लांबलांबच्या देशांतली युद्धं अभ्यासली आणि परत आली ती एका संस्थेचं काम घेऊन. ज्या गावांना तंटामुक्त म्हणून बक्षीस मिळालं, तिथले तंटे खरंच मिटले का, हे शोधायचं. परभणीत एक खोली, एक जुनी स्कूटी, एक रेकॉर्डर. लोक आधी तिला पोलिसातली समजायचे, मग पेपरवाली, आणि एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. तिचं नावच 'तंट्याच्या मॅडम' पडलं. वेशीत बक्षिसाची पाटी आणि आत सख्खे शेजारी एकमेकांच्या दारावरून जाताना मान फिरवणार, असं तिला गावोगाव दिसत होतं.

प्रत्येक मुलाखतीआधी ती एक कागद वाचून दाखवायची. तुम्ही सांगाल ते तिसऱ्या कुणालाही सांगितलं जाणार नाही, तुमच्या घरच्यांनाही नाही. मग सही, नाहीतर अंगठा. सुरुवातीला चारठाण्याच्या बाजूला एका गावात तिच्या तोंडून एका जावेचं बोलणं दुसऱ्या जावेपुढं निसटलं होतं. आठ दिवसांनी कळलं, पहिलीला माहेरी धाडून दिलंय. तेव्हापासून तो कागद ती जिवापाड जपायची. पण जिचं कामच ऐकलेलं पोटात ठेवणं, तिनं चारचौघींत बसून बोलायचं काय? मैत्रिणींचे फोन कमी होत गेले. रविवारी खोलीत बसून लोकांची भांडणं कानात घालायची आणि टाईप करायची, हाच तिचा शेजार होता.

संस्थेनं चिठ्ठ्या टाकून गावं निवडली, त्यात तिचंच गाव निघालं.

तिचे वडील बन्सीधरराव, ती त्यांना अण्णा म्हणायची, आणि त्यांचे धाकटे भाऊ लिंबाजी. सतरा वर्षांपूर्वी लिंबाजीच्या उसाचा ट्रॅक्टर अण्णांच्या शेतातल्या वाटेनं जाताना हुरड्याला आलेल्या ज्वारीत शिरला. अण्णांनी रागाच्या भरात वाटेवर आडवी चर खोदली. ऊसतोडीची टोळी दोन दिवस थांबली आणि दुसऱ्याच्या शेतावर निघून गेली. लिंबाजीचा ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला आणि उभ्या उभ्या वाळला. त्यानं कोर्टात केस घातली. घरांची भिंत एक, पण सतरा वर्षं भावाभावांत शब्द नाही. तंटामुक्तीच्या बक्षिसाच्या फोटोत मात्र दोघंही आहेत, एक या टोकाला, एक त्या.

शिवकन्येनं संस्थेला कळवलं, या गावात दुसऱ्या कुणाला पाठवा. दुसरं कुणी नव्हतं. शेवटी अण्णा बाजेवर बसून पोटच्या पोरीसमोर सही करते झाले. ही एकतिसावी मुलाखत. त्यांचं हृदय तोवर पार थकलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, महिने मोजा. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं लिंबाजीची बत्तिसावी.

त्यानंतर ती माझ्याकडं आली. चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही.

"सर, दोन माणसं एकच गोष्ट बोलली आणि दोघंही म्हणाली, कुणाला सांगू नको. तर ऐकणाऱ्यानं काय करायचं?"

दोन माणसं कोण ते मला कळलं होतं. भाऊ जिवंत असेपर्यंत भावाच्या कानावर ते पडतं की नाही, एवढाच तो सवाल होता. अगं जा आणि सांग त्यांना, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पण माझ्या अंगात मास्तर शिरला. "ज्याच्याकडून माहिती घेतली त्या साधनाशी प्रामाणिक राहायचं," मी म्हणालो. "दिलेला शब्द मोडला की संशोधक संपला." बोट वर करून म्हणालो. तिनं मान हलवली आणि गेली.

शब्द न मोडता जेवढं जमेल तेवढं तिनं केलं. काकांना म्हणाली, अण्णांना बरं नाही, एकदा बघून जा. अण्णांना म्हणाली, काकांना बोलावून घ्या. दोघांनीही एकच विचारलं, "त्यो काय म्हणला?" आणि ती दोघांनाही म्हणाली, "ते मला सांगता येत नाही." पोरगी सांगत नाही म्हणजे पलीकडून शिव्याच आल्या असणार, असं दोघांनीही धरून घेतलं. भिंत होती तिथंच राहिली.

पाच आठवड्यांनी अण्णा गेले.

दहावा गंगाखेडला गोदावरीवर झाला. मीही गेलो होतो. विधी उरकले, माणसं पांगायला लागली, तसे लिंबाजी वरच्या पायरीवरून खाली आले आणि शिवकन्येजवळ बसले. मी दोन हातांवर होतो.

"माय, मी तुला समदं सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "त्यानं निस्ती हाक मारावी, मी केस मागं घेतो म्हणलं व्हतं. मंग तू त्येला सांगितलं का न्हाईस?"

"काका, तुम्हीच म्हणालात ना, कुणाला सांगू नको. सही केली होती तुम्ही."

"आगं, सांगू नको म्हणलं म्हंजे..." डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "तू त्याची लेक हायीस म्हणून तर तुला सांगितलं. न्हाईतर त्या मशिनीला सांगून मला काय करायचं व्हतं?"

गावात असंच चालत आलंय. जे थेट सांगता येत नाही ते त्याच्या घरच्या माणसापाशी बोलायचं आणि वर म्हणायचं, सांगू नको. ते पोचतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हा दोघांनाच कळलं नाही, कारण आम्ही शिकलेलो होतो.

शिवकन्येनं पिशवीतून रेकॉर्डर काढला, इयरफोन लावला आणि काकांच्या कानात घातला. अण्णा काय बोलले होते ते मला लिंबाजींच्याच तोंडून कळलं. एकेक वाक्य ऐकून ते स्वतःशी म्हणत होते. "चर मी खोदली... ऊस वाळताना रोज बघायचो... चुकलं माझं... त्यो दारात आला तर पाय धरीन, धाकटा आसला तरी..."

कानात काही घातलेली माणसं मोठ्यानं बोलतात. लिंबाजी एकदम ओरडले, "मंग हाक मारायची व्हती की रं!"

सगळा घाट वळून बघायला लागला. शिवकन्या पाण्याकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं लिंबाजींनी तिच्या हाताला हात लावला आणि म्हणाले, "परत लाव."

तिच्या अहवालात तीस नंतर एकदम तेहतीस नंबर येतो. संस्थेनं विचारलं, मधल्या दोन कुठं गेल्या? तिनं लिहून दिलं, गुप्तता राखता आली नाही, म्हणून वगळल्या. तिची मेहनत वाया गेली नाही, अहवालाचं कौतुक झालं, दुसरं काम मिळालं. आता ती कागद वाचून झाल्यावर पेन खाली ठेवते आणि संस्थेच्या यादीत नसलेला एक प्रश्न विचारते. यातलं काही कुणाच्या कानावर जावं असं वाटतं का? बहुतेक माणसं आधी नाही म्हणतात, मग इकडंतिकडं बघतात आणि एक नाव सांगतात.

लिंबाजी महिन्या-दीड महिन्यानं एसटीनं परभणीला तिच्या खोलीवर येतात. ती त्यांना चहा देते, रेकॉर्डर लावून देते आणि स्वतः बाहेर जिन्यात जाऊन बसते. अण्णांचा तो आवाज तिनं मुलाखतीच्या दिवसानंतर ऐकलेला नाही.

गंगाखेडला आली की माझ्याकडंही येते. तब्येत विचारते, उन्हाचं, पाण्याचं बोलते. तिला काहीतरी विचारायचंय असं मला दर वेळी वाटतं आणि मी वाट बघत राहतो. पण सल्ला तिनं पुन्हा कधी विचारला नाही.