बिनलग्नाचं कृपादान

देवाने मला अविवाहित राहण्याचं कृपादान दिलं आहे, असं मी वयाच्या बाविसाव्या वर्षी बारामतीच्या ख्रिस्ती देवळात उभं राहून जाहीर केलं. देवाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

तेव्हा, म्हणजे पस्तीस-छत्तीस साली, मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. पाळकसाहेबांना ताप आला म्हणून त्या रविवारचा उपदेश माझ्याकडे आला. बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातला लग्नाचा अध्याय मी काढला. लग्न करण्यात पाप नाही, पण एकेकाला वेगवेगळं दान असतं आणि माझं हे, असं मी पाऊण तास सांगितलं. (अध्याय वाचायला पाच मिनिटं पुरतात.) मंडळी गहिवरली. आईही रडली, पण तिचं कारण वेगळं होतं.

महिन्याभरात इंदापूरच्या मंडळीने तोच उपदेश ऐकायला मला बोलावलं. बैलगाडीत ऐटीत बसून गेलो. उपासना संपली, आणि तिथल्या शाळेत शिकवणारी मार्था सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तर, तुमचा हा सदरा कोण धुतं?"

"आई."

"आणि भाकरी?"

"तीही आईच."

"म्हणजे दान तुमचं आणि ओझं आईंचं. कृपादानं मंडळीच्या उपयोगासाठी असतात ना?"

 उत्तर मला परतीच्या वाटेवर सुचलं, पण ते सांगायला पुन्हा इंदापूरला जावं लागलं. मग आणखी एकदा. चौथ्या खेपेला बाबाच माझ्याबरोबर आले आणि लग्न ठरवून परतले.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात नवरानवरीची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. पहिल्या रविवारी माझं नाव ऐकून लोक नुसते खोकले. दुसऱ्या रविवारी वाचताना पाळकसाहेबच अडखळले. तिसऱ्या रविवारी मार्था आणि तिच्या घरची माणसं आमच्याकडे जेवायला म्हणून आली होती. पाळकसाहेबांनी हरकत विचारली, आणि मागून शमुवेलतात्या उठले. बायको जाऊन चार वर्षं झालेला, भाजीपाला पिकवणारा साधा माणूस.

"माजी हाय."



"ह्या मास्तरचं ऐकून म्या सांगवीच्या रत्नाबाईचं स्थळ मोडलं. म्हणलं, हे तरणं पोर बिनलग्नाचं ऱ्हातंय, तर आपल्याला काय धाड भरलीया? सा म्हैनं हातानं भाकरी थापतोय, पाळकसाहेब. करपत्यात. आन ह्यो आता नवरदेव व्हनार?"

पाळकसाहेबांनी वही मिटली. "मास्तर, तुमचं काय म्हणणं? नाहीतर लग्न थांबवावं लागेल."

पाऊण तास बोलणारे मास्तर पौलाच्या पत्राची पानं चाळायला लागले. लग्न हातचं गेलं, असंच मला वाटलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने मार्था उठली. बायकांनी देवळात उठून बोलायची तेव्हा रीत नव्हती. (हेही पौलाचंच म्हणणं, त्याच पत्रात.)

"तात्या, देवळाबाहेर गर्दीत दुसऱ्याच्या वहाणा पायात गेल्या, तर माणूस काय करतो?"

"परत करतो."

"मास्तरांनी तेच केलंय. दुसऱ्याचं दान आपलं समजून पायात घातलं. चावायला लागलं, म्हणून परत ठेवतायत."

तात्या आपल्या पायांकडे बघत राहिले. "म्हंजी मी बी दुसऱ्याच्याच घालून हिंडतोय म्हन की."

"रत्नाबाई अजून सांगवीतच आहेत ना?"

"व्हय. परवा बाजारात दिसली."

"मग हरकत?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "आन पाळकसाहेब, फुडल्या रविवारी माजं बी नाव वाचा."

सगळं देऊळ हसलं. पाळकसाहेबांना व्यासपीठावर हसताना आम्ही तेव्हा प्रथमच पाहिलं. खटला मीच जिंकल्यासारखा मी छाती काढून उभा होतो, इतका मला आनंद झाला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी मार्थाने सदरा आणि साबण माझ्या हातात दिला, तेव्हा आई परत रडली. या वेळी हसून हसून.

पुढे मी आयुष्यभर उपदेश केले. क्षमा, सबुरी, दारूबंदी, काही सोडलं नाही. त्यातल्या एकाचाही कुणावर परिणाम झालेला मला दिसला नाही. लग्न करू नका, असं मात्र एकदाच सांगितलं, आणि त्यातून दोन लग्नं झाली.