ओढ्याच्या अलीकडे दाजी

आमच्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस या पृथ्वीतलावर दुसरा नाही, आणि असलाच तर तो साडूंच्या नजरेतून अजून सुटलेला नाही. स्वतःच्या लग्नात सप्तपदीला सहाच पावलं पडली असं भटजींना भर मांडवात ऐकवून त्यांनी सातवं पाऊल दोनदा घ्यायला लावलं होतं; त्यामुळे माझी मेहुणी, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, त्यांच्याशी आठ पावलांनी बांधली गेली आहे. कलिंगड घ्यायचं तर ते आधी शेजारच्या गाड्यावरचं वाजवून बघतात, म्हणजे या गाड्यावाल्याला अंदाज येऊ नये. दवाखान्यात ताप बघायचा झाला तर थर्मामीटर आधी कंपाउंडरच्या काखेत. कंपाउंडर निरोगी निघाला तरच थर्मामीटर साडूंच्या काखेत शिरू शकतो. एकदा कंपाउंडरलाच शंभर ताप निघाला. साडूंनी त्याला घरी पाठवलं आणि स्वतःही न दाखवता परत आले, कारण ज्या दवाखान्यातला कंपाउंडर आजारी त्या डॉक्टरचं औषध घ्यायचं कसं, असा त्यांचा सवाल होता.

यात त्यांचा सगळा दोष नाही. देवळाली प्रवराकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची बत्तीस वर्षं गेली. उसानं भरलेली गाडी काट्यावर आली की तिचं वजन, रिकामी होऊन परत आली की पुन्हा वजन, आणि मधल्या वेळात माणसाची जात काय काय करते याचं जन्मभराचं शिक्षण. मोळीत घातलेले धोंडे त्यांनी काढले, ट्रॉलीखाली टांगलेले पाण्याचे ड्रम काढले आणि एकदा तर उसाखाली घोरत पडलेला अख्खा मुकादम काढला, असं ते शपथेवर सांगतात. गाळप सुरू व्हायच्या आधी काट्यावर माहितीतली वजनं ठेवून काटा खरा आहे का ते बघायचं, ही तिथली रीत. साडू निवृत्त झाले आणि ती रीत घरी घेऊन आले. तेव्हापासून घरातली कुठलीही वस्तू, औषध, पाहुणा किंवा सून आधी तपासून मगच वापरात येते.

अशा माणसाबरोबर अक्कानं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, संसार केला आणि त्यांच्याकडे उभ्या आयुष्यात मागितलं ते एकच. तिच्या शेताच्या बांधावरून पाट वाहतो. त्या पाटाच्या पाण्यावर तिनं ऊस केला, लसूण केला, पोरं मोठी केली. "हे पानी वर डोंगरात पडतं कसं, ते एकदा जवळ हुबं ऱ्हाऊन बघायचंय," एवढंच तिचं म्हणणं. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी ती हे म्हणायची आणि दरवर्षी दाजी नवीन कारण काढायचे. (मीही त्यांना बायकोचं ऐकून दाजीच म्हणतो.) धबधबा म्हणजे वर कोणीतरी बसून बंधाऱ्याच्या फळ्या काढत असणार, दुपारी जेवायच्या सुट्टीत बंद ठेवत असणार, फोटोत दिसतो तो दुसऱ्याच राज्यातला असणार. असं करता करता अक्काचे गुडघे गेले. त्या वर्षी डॉक्टरांनी दिवाळीनंतर ऑपरेशन सांगितलं. अक्का ऑपरेशनला भीत नव्हती. त्यानंतर आपल्याला खाटेपासून दारापर्यंतच चालता येईल, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं, आणि त्याआधी धबधबा राहूनच जाणार, हेही.

आणि एके सकाळी दाजींचा मला फोन. "पाव्हनं, शनवारी तयार ऱ्हा. राजूरच्या पुढं जंगलात सहल हाय. नऊ मान्सांची गाडी, संगती वाट दाखवायला गावातली बाई. धबधबा बघून सांजच्याला परत."

मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. माझी बायको म्हणाली, "दाजींना काहीतरी झालंय आणि ते आपल्याला सांगत नाहीयेत." मला मात्र वेगळाच वास आला. जो माणूस घरच्या विहिरीचं पाणीसुद्धा ओळख पटल्याशिवाय पीत नाही, तो अनोळखी माणसांबरोबर अनोळखी गाडीत बसून अनोळखी डोंगरात जातो, याच्या मागे काहीतरी काळंबेरं असल्याशिवाय राहणार नाही. शनिवारी नगरहून गाडीत बसलो तो मी दाजींवर नजर ठेवायचं ठरवूनच.

राहुरीच्या पुढे फाट्यावर दोघं उभे होते. अक्का काठी टेकून, आणि दाजी छत्री टेकून. मी लगेच हेरलं. अक्का लंगडत होती ते ठीक, पण दाजीही लंगडत होते. विचारलं तर म्हणाले, "चप्पल नवी हाय." चप्पल माझ्या लग्नातली होती. गाडीत चढण्यापूर्वी त्यांनी ड्रायव्हरला लांबच्या दुकानाची पाटी वाचायला लावली. मग संगमनेरला एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या मिसेस चढल्या. गुरुजींच्या मांडीवर बेडिंगएवढी पिशवी. अकोले येईपर्यंत दाजींनी त्या पिशवीवरची नजर काढली नाही.

"काय हाय म्हनायचं पिशवीत?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"शंकरपाळी," गुरुजी म्हणाले.

"एवढी?"

"मिसेसनी चर्चच्या जेवणासाठी केली होती, उरली. घ्या ना."

दाजींनी एक घेतली, आधी मला खायला दिली, माझ्या चेहऱ्याकडे अकोल्याचा पूल ओलांडेपर्यंत बघितलं आणि मग स्वतः सात खाल्ल्या.

राजूरला वाट दाखवणारी मंगल गाडीत आली. तिशीतली, पायात प्लास्टिकचे बूट, हातात कोयता. तिनं आत नजर टाकली, दाजींना बघितलं आणि तोंडभर हसून काहीतरी बोलणार तोच दाजींनी डोळे असे मोठे केले की तिनं हसणं अर्ध्यात गिळलं. बाकीच्यांना दिसलं नाही, पण मी तर त्याच कामावर होतो. बायकोच्या कानात म्हटलं, "ओळख दिसतीय." बायको म्हणाली, "गप बसा." पण तिनंही मान वळवून एकदा मंगलकडे आणि एकदा दाजींकडे नीट बघून घेतलं.

पहिला धबधबा रस्त्यालाच लागला. गाड्यांची ही रांग, कणसांच्या शेगड्या, दोन जत्रा एकमेकींवर आपटल्यासारखी गर्दी. मी म्हटलं, झालं अक्काचं काम. अक्कानं खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "ह्यो न्हवं. ह्याच्यात पान्यापेक्षा हॉर्नच ऐकू येत्यात." दाजी पुढून म्हणाले, "खरा पुढं हाय." मी मनात टिपून ठेवलं. ह्यांना काय माहीत?

मग गाडी थांबली आणि जंगलातून पायवाट सुरू झाली. दोन्ही बाजूला कारवी, वर हिरड्याची झाडं, वाऱ्याबरोबर अंगावर पडणारं कालचं पाणी. अक्का पाच पावलं टाकायची आणि थांबायची. दाजी तिचा दंड धरून असे चालले होते की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईला अटक झाली आहे. आणि चालता चालता ते असं काही बोलत होते की माझा संशय भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा फुगत गेला. "आता उतार हाय, हळू." उतार आला. "डावीकडं बसायला दगड हाय." दगड आला, आणि तोही चांगला पाटासारखा. "हितं मूळ आडवं हाय, पाय उचल." मूळ आलं.

"दाजी, तुम्हाला कसं कळतं?" मी विचारलं.

"जंगल म्हनलं की मूळ असनारच की," ते म्हणाले आणि लंगडत पुढे झाले.

वळणापलीकडून पाण्याचा आवाज यायला लागला. अक्का थांबली, तिनं कान दिला आणि भराभर चालायला लागली. आणि समोर आडवा आला ओढा. फार मोठा नाही, दहाबारा पावलांचा, पण खळाळता. तो बघून दाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"एवढं पानी हितं न्हवतं," ते म्हणाले.

"काल वर पाऊस झालाय काका," मंगल म्हणाली. "पोटरीएवढंच हाय. मी सकाळी दोनदा येऊन गेले."

दाजींनी छत्री पाण्यात उभी केली, चार ठिकाणी खोली बघितली, छत्रीवरचा ओला भाग बोटांनी मापला. मग म्हणाले, "न्हाई. परत फिरायचं."

अक्कानं काठी त्या हातातून या हातात घेतली आणि आवाजाच्या दिशेनं बघत राहिली. गुरुजी पिशवीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधत बसले.

"एकदा बघते मावशींना," मंगल म्हणाली. तिनं अक्काला पाण्यात दोन पावलं नेलं. दाजी दंड धरून बरोबर. अक्का डगमगली. पुन्हा नेलं, पुन्हा डगमगली. मंगलनं दाजींकडे बघितलं आणि सासरच्या माणसाशी बोलावं इतक्या आदबीनं म्हणाली, "काका, राग मानू नका. तुमी दंड आवळून धरता ना, त्यांना वाटतं आता पडनारच. तुमी सोडा."

"आन् पडली मंग?"

"मी हाय ना."

"तू कोन?" दाजी म्हणाले. हे भांडण नव्हतं. ते खरंच विचारत होते.

उत्तर अक्कानं दिलं. "अहो, सोडा की आता."

दाजींनी तिच्याकडे बघितलं, मंगलच्या बुटांकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं. मग एकेक बोट उचलावं तसा हात सोडला. एका बाजूनं मंगल, दुसऱ्या बाजूनं गुरुजी. अक्का ओढ्यातून अशी गेली की जणू रोज पाणी भरायला इथंच येते. आम्ही चपला काढून मागोमाग उतरलो.

दाजी मात्र हलले नाहीत. "चपला राखायला कोनीतरी पायजे," ते म्हणाले आणि आमच्या चपलांच्या ढिगाशेजारी बसले. त्या जंगलात तेव्हा आमच्याशिवाय एक खेकडा होता, आणि तोही चपला घालण्यातला नव्हता.

पलीकडे वळणावर मंगलला राहवलं नाही. "मावशी, काकांनी सांगू नको म्हनून बजावलंय, पर सांगते. मागल्या आठवड्यात ते एकटेच आलते. गुडग्याच्या मागं फळी बांधून. पाय वाकू नये म्हनून. मला वाटलं अपघात झाला असंल. म्हनले, न्हाई, रस्ता तपासतोय. ओढ्यापातूर सगळी वाट त्या फळीवर चालले, दगड न् मुळं मोजली. गुडगा हा असा सुजला न् धबधबा न बघताच ओढ्यापासनं माघारी फिरले. ह्या ओढ्यातनं त्यांच्याच्यानं आज येववायचं न्हाई."

माझी सगळी हेरगिरी त्या वळणावर गळून पडली. आमची ही झाडाकडे तोंड करून उभी राहिली. अक्कानं मागे वळून आल्या वाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "तरीच. फडताळातली फळी आठ दिस सापडंना मला."

पुढच्या दहा पावलांवर तो धबधबा होता. मी अतिशयोक्ती करत नाही, हे माझ्या ओळखीचे लोक सांगतील. तरी म्हणतो, चांगला तीन मजली होता. काळ्या कातळावरून पाणी खाली येत होतं आणि खालून धूर वर जात होता. अक्का काठी सोडून उभी होती. तोंडावर तुषार येत होते ते तिनं पुसले नाहीत. थोरल्या माणसासमोर घ्यावा तसा तिनं डोक्यावरून पदर घेतला. "एवढं असतं व्हय," ती म्हणाली. "आन् आमच्या बांधाला येस्तोवर केवढंसं ऱ्हातं."

परत आलो तेव्हा दाजींनी सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून ठेवल्या होत्या. अक्का पाण्यातून बाहेर आली तशी ते उठायला गेले, पण उठता आलं नाही. बसूनच विचारलं, "दिसला?"

"दिसला."

"चांगला हुता?"

"लई," अक्का म्हणाली, आणि तिनं त्यांना उठायला हात दिला. दोन गुडघे गेलेल्या बाईनं एक गुडघा गेलेल्या माणसाला उठवलं ते मी बघितलं. फळीबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही. नंतर कधी बोलली असेल तर ते आम्हाला कळायचं कारण नाही.

अक्काचं ऑपरेशन झालं. आता ती ओट्यावर येऊन बसते, दाजी शेजारी, आणि येईल त्याला ती धबधबा सांगते. तिच्या धबधब्याची उंची दर महिन्याला वाढते. परवा गेलो तेव्हा तो ढगातून निघत होता, त्याचा आवाज राजूरच्या बाजारात ऐकू येत होता आणि तुषारांनी म्हणे गाडीतला ड्रायव्हर भिजला. मी सत्यवादी माणूस. मला हे सहन होईना. तोंड उघडणार तोच दाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अक्काकडे बघत ऐकत राहिले. थर्मामीटरवर विश्वास न ठेवणारा माणूस मधूनमधून मान डोलवत होता.

ती चहा सांगायला आत गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, "दाजी, यंदा तुम्हीही चला. ओढ्याचं पाणी उतरलेलं असेल तेव्हा जाऊ. निदान एकदा डोळ्यांनी बघा."

त्यांनी दाराकडे बघितलं. आतून कपांचा आवाज येत होता.

"नको पाव्हनं," ते म्हणाले. "मी बघितला की माझ्याच्यानं गप बसवायचं न्हाई. ती सांगती तेवढाच असू द्या."