गनीचाचाचा चमत्कारी पुतण्या

नासिर रोह्याशेजारच्या अष्टमी गावात जन्मला तेव्हा त्याची सुन्नत जणू आधीच झालेली होती. पुढची कातडी टोकाभोवती आलीच नव्हती. असं मूल नशिबाचं मानतात. बाप कुवेतला, म्हणून हे नशीब मिरवण्याचं काम गनीचाचानं अंगावर घेतलं. मीटरमागे बोटभर कापड चोरणारा हा दुकानदार पुतण्याला गल्ल्याशेजारी बसवी आणि गिऱ्हाइकांच्या आजारी पोरांवर फुंकर घालायला लावी. पोरं एरवीही बरी झालीच असती, श्रेय दुकानाला.

लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या अंगाला आहे, हे मात्र त्या भक्तिभावाला दिसलं नाही. घरातले सगळेच पुरुष बसून लघवी करीत, त्यामुळे नासिरकडे कुणी वेगळं पाहिलं नाही. धार मागे वळून टाचा भिजवी, ते त्याला एकट्याला माहीत. मित्र कुंडलिका नदीत पोहत तेव्हा तो काठावर त्यांचे कपडे सांभाळी.

पंच्याण्णव साली पेणच्या फरझानाशी त्याचं लग्न ठरलं आणि तो घाबरून रोह्याच्या एका डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, "याला हायपोस्पेडियास म्हणतात. या वयातही ऑपरेशन होतं. नाही केलं तर मूल होणं कठीण."

चाचा दुकानातच कडाडला, "अल्लानं दिलेल्यावर कात्री? लोकांना मी काय सांगू?"

"सांगा, दुकान कापडाचंच हाय, कात्री चालनारच," नासिर म्हणाला.

"लगीन होऊ दे. पोर झाल्यावर कोन इचारतो?"

"पोर व्हनार नाय चाचा, तेच तर सांगतोय."

चाचानं इमामसाहेबांना बोलावून आणलं. त्यांनी ऐकून घेतलं, "इलाज कर बेटा" म्हणाले आणि निघताना वळले, "गनी, मीटर नीट लाव."

नासिर पेणला गेला. फरझानाला त्यानं सगळं सांगितलं. "मोडायचं तर मोड."

"ऑपरेशन तुझ्या मनानं करतोस, का चाचाला इचारून?"

"माझ्या मनानं."

"मग जा. आनि नीट व्हऊन ये. नुसती फुंकर मारून येशील!"

मुंबईच्या सर्जनांनी वरच्या अंगाला गोळा झालेल्या कातडीतूनच नवा मार्ग शिवला. पहिल्या खेपेला टाक्यांतून गळती लागली. काही महिन्यांनी पुन्हा टेबलावर जावं लागलं. त्यानंतर लघवीसाठी घातलेली नळी काढली त्या सकाळी नासिर नेहमीसारखाच बसला. उठला तेव्हा टाचा कोरड्या होत्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

कातडी उपयोगी पडल्याचं कळताच चाचा गिऱ्हाइकांना सांगू लागला, "मी सुन्नत करू दिली नाय, म्हनून वाचली ती!" अशा माणसाला लाजही उधार मिळत नाही.

निकाहच्या मांडवात एका बाईनं तापलेलं पोर पुढे केलं. चाचानं कौतुकानं नासिरकडे पाहिलं. नासिरनं पोराच्या कपाळाला हात लावला.

"खाला, पुलापलीकडं दवाखाना हाय. आत्ताच न्या."