धायरीचा शनिवार

आम्ही चौघे एकाच शाळेत मास्तर होतो. तीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली, तरी अजून एकमेकांना अहोजाहोच करतो आणि हाक मारतो ती विषयाने. एक विज्ञानवाले, एक पीटीवाले, एक चित्रकलावाले आणि मी गणिताचा. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकांच्या पायात पायात येण्यापेक्षा महिन्यातून एकदा एकत्र जेवू, असं ठरलं. दर महिन्याचा दुसरा शनिवार. कधी माझ्याकडे नारायण पेठेत, कधी पीटीवाल्यांकडे वाघोलीला, कधी विज्ञानवाल्यांकडे, कधी चित्रकलावाल्यांच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये. साडेबाराला पानावर बसायचं आणि चारच्या आत उठायचं नाही. क्रम लावायचं काम अर्थातच गणितवाल्याच्या गळ्यात.

नियम एकच होता. ज्याचं घर, वाढायचं त्याने, आग्रहही त्यानेच करायचा. स्वयंपाक बायकांनी करायचा, वाढायचंही त्यांनीच आणि आपण नुसती ढेकर द्यायची, हे पीटीवाल्यांना पटत नव्हतं. त्यामुळे आयुष्यात कधी पळीला हात न लावलेली आम्ही माणसं त्या दिवशी वाटीभर आमटी टेबलावर सांडत का होईना, यजमान व्हायचो. चित्रकलावाल्यांचं वाढणं मात्र बघण्यासारखं असायचं. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, सगळं अगदी नीट. वहिनी आत पोळ्या लाटता लाटता हसायच्या. एरवी यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, म्हणायच्या.

गेल्या श्रावणात वहिनी गेल्या. दोन दिवस ताप आला आणि संपलं. दवाखान्यात नीट भेटायलासुद्धा मिळालं नाही आम्हाला. पुढचे दोन शनिवार आम्ही कुणी जेवायला जमलोच नाही. मग पुन्हा सुरू झालं तेव्हा चित्रकलावाले यायचे, खाली मान घालून जेवायचे, लवकर निघायचे. आम्हीही जपून बोलायचो. माघात त्यांचा शनिवार आला.

मी बाकी दोघांना फोन केले. एकटा माणूस, कुठे करत बसणार, आपणच समजून घ्यायला हवं, असं तिघांचं एकमत झालं. म्हणजे मी बोललो आणि त्यांनी हं हं केलं. मग मी धायरीला फोन लावला. या वेळी माझ्याकडेच जमू, तुम्ही काही त्रास घेऊ नका, म्हटलं. ते म्हणाले, बरं, तुम्ही ठरवलंत ना. मला वाटलं, सुटले बिचारे. इतका मूर्खपणा मी तीस वर्षांत एखाद्या पोरानेही केलेला पाहिला नव्हता.

त्या शनिवारी बायकोने श्रीखंड-पुरी केली होती. एक वाजला तरी चित्रकलावाल्यांचा पत्ता नाही. फोन वाजतोय, उचलत नाहीत. आम्ही शेवटी जेवलो. मी तर चिडलोच होतो. यायचं नसेल तर तसं कळवायला काय होतं, दुःख झालं म्हणून रीत सोडायची का, वगैरे भरपूर बडबडलो. दोन वाजून गेल्यावर पीटीवाले हात धुवून आले आणि म्हणाले, जरा जाऊन बघू या. त्यांचा चेहरा बघून मी लगेच चपला घातल्या. रिक्षात आम्ही तिघे दाटीवाटीने बसलो होतो. सिंहगड रस्त्यावर सगळी गर्दी, आणि माझ्या मनात नाही नाही ते येत होतं.

दार त्यांनीच उघडलं. खांद्यावर ओला पंचा, बोटांना हळद. आत टेबलावर ताटं मांडलेली होती. पाणी भरून पेले ठेवलेले. लिंबाच्या फोडीसुद्धा वाढून झाल्या होत्या आणि सुकल्या होत्या.

जिवात जीव आला तसा मी आणखीच भडकलो. फोन का उचलत नाही, आम्ही काय काय समजलो, असं बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शनिवार माझा होता," ते म्हणाले.

"अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"ती गेली. मी आहे ना अजून? का मलाही काढलंत यादीतून?"

आम्ही तिघेही हात धुवून टेबलाशी बसलो. माझ्या पोटात सहा पुऱ्या होत्या. विज्ञानवाल्यांना साखरेचा त्रास, त्यांनी श्रीखंड आधीच नको तितकं खाल्लं होतं. जेवून आलोय, हे कुणीच सांगितलं नाही. त्यांना कळलं असणार. त्यांनी विचारलं नाही.

तीन आठवडे ते स्वयंपाक शिकत होते. वहिनींनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून शेजारच्या काकूंना विचारून विचारून केलं. फोडणीचा क्रम ड्रॉइंगच्या कागदावर चित्रं काढून फ्रिजला चिकटवला होता. मोहरी, मेथी, हिंग, मिरची. मिरची अगदी सुरेख काढली होती. वहिनी करायच्या तसं अळूचं फतफतं केलं होतं, आणि त्यात चिंच घालायला विसरले होते. पहिल्याच घासाला घसा असा खाजायला लागला की पीटीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी मीठ कमी पडलं तरी मी चारचौघांत बोलून दाखवतो. त्या दिवशी मी वाटी पुढे केली. त्यांनी पुन्हा वाढलं, डावा हात मागे घेऊन, थेंबही न सांडता. चार वाजून गेले तरी कुणी उठलं नाही.

बाकीचे दोघे जिना उतरले. मी मागे राहिलो. खरी गोष्ट मनात सलत होती. मला त्यांची दया आली, हे मी स्वतःलाही खोटंच सांगत होतो. ते बोलून टाकलं.

"मला भीती वाटत होती हो इथे यायची. वहिनी नसलेलं घर बघितलं की माझंच घर डोळ्यांसमोर येतं."

"कळलं होतं मला," ते म्हणाले. पंच्याला हात पुसत उभे राहिले. "पण उद्या तुमच्यावर ही वेळ आली, तर मी तुमचा शनिवार काढून घेणार नाही."

घरी आलो तेव्हा बायकोची भांडी आवरून झाली होती. काय झालं, बरे आहेत ना ते, असं तिने दोनदा विचारलं. बरे आहेत, म्हटलं. मग म्हटलं, उद्याची आमटी मी करतो. तू नुसती बाजूला उभी राहा.