पोवळ्याच्या जुवाला धरून

धामणगाव बढ्याच्या शिवारात इंद्रभान मोट हाकायचा. भाऊ भगवंतराव थोरला, मळा दोघांचा. वांगी, मेथी, कांदे. तिशी उलटायच्या आतच इंद्रभानच्या मांड्या वाळायला लागल्या. खाणं गड्याचं आणि पाय बगळ्याचे. खालून उठायचं तर आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर, मग कमरेवर, असा तो आपल्याच अंगाची शिडी करून चढायचा. पोरंसोरं हसली की म्हणायचा, "हासा बे हासा! तुमचं घर एकमजली, माह्यं चारमजली हाये."

त्याच्या मामाचंही असंच झालं होतं. घरच्यांनी मायेनं त्याला बाजेवर बसवलं, आणि तो बाजेवरूनच गेला.

अकोल्याचा डॉक्टर म्हणाला, "याला औषध नाही. थकेपर्यंत राबवू नका, पण बसवूनही ठेवू नका." सत्यभामाबाई, इंद्रभानची बायको, पाटीवर चार अक्षरं गिरवलेली बाई. पण एवढं वाक्य तिनं पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं.

आणि मोटेचं काम जणू त्याच्यासाठीच घडलेलं. बैल धावेवरून, विहिरीपुढच्या उतारावरून, उतरताना तो नाड्यावर, म्हणजे मोटेच्या ताणलेल्या दोरावर बसून घ्यायचा. पाणी ओतलं गेलं की बैल मागं मागं धाव चढत, तेव्हा हा पोवळ्याच्या जुवाला धरायचा. "मांगं, पोवळ्या, मांगं!" पोवळ्या बैल मोठा समजूतदार. धन्याच्या पायाला झेपेल तेवढंच पाऊल टाकायचा. अर्धा भार जू उचले, अर्धा इंद्रभान.

मग विहिरीवर इंजिन आलं. नारळ फुटला, पेढे वाटले. भगवंतरावानं भावाच्या पाठीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "इंद्रभान, लय राबला. आता बस. मी हाये नं."

इंद्रभान बसला. दिवाळीला बसला तो संक्रांतीला चार मजल्यांनीही उठेना. काखेत हात घालून सत्यभामाबाई त्याला उचलायची, आणि तिच्या डोळ्यांपुढं तो मामाच यायचा.

अशात एका सकाळी बैलजोडी न्यायला नांदुऱ्याचं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. अंगणात बाजेवर इंद्रभान, शेजारी पोवळ्या बांधलेला.

आता सत्यभामाबाईची अडचण अशी की भगवंतराव तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यापुढं पदर ढळू द्यायचा नाही, बोलणं तर दूरच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण भासऱ्यानं तिचा आवाज ऐकला तो भिंतीपलीकडूनच. तिनं पदर नाकापर्यंत ओढला, पोवळ्याचं शिंग धरलं आणि त्यालाच म्हणाली, "जाय बापा, पोवळ्या. तुह्या जुवाले धरून एक मानूस धाव चढे. आता तो बाजीवर राहीन, अन् बाजीवरून लोकाइच्या खांद्यावर चढीन."

भगवंतराव चपापला. भावजयीशी बोलावं कसं? तोही बैलाकडं वळला. "पोवळ्या, घरी इंजिन असतानी मोट हाकली त गाव हासन."

"पोवळ्या, सांग त्याइले, हासू द्या म्हना. हासन्यानं कोनाचे पाय वाळत नाही."

गिऱ्हाईक वैतागलं. "मालक, सौदा माह्यासंग हाये का बैलासंग?"

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, "अरे, बैलाले इचारून राह्यले, मले कोनी इचारतच नाही!"

इंद्रभाननं गुडघ्यावर हात ठेवले. मांडीपर्यंत चढला आणि अडकला. भगवंतराव धावला, तशी सत्यभामाबाई म्हणाली, "पोवळ्या, धरू नका म्हना."

इंद्रभाननं हात लांबवून पोवळ्याच्या गळ्यातलं दावं पकडलं. "मांगं, पोवळ्या, मांगं." बैल सवयीनं एक पाऊल मागं सरला. आणखी एक. त्याच्याबरोबर इंद्रभान वर आला, लटपटला, उभा राहिला. मग त्यानं पोवळ्याच्या मानेवर कपाळ टेकलं.

भगवंतरावानं गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावलं.

मळ्याला इंजिनचं पाणी, आणि मेथीच्या वाफ्यांना मोटेचं. गाव हसलं, मग हसून हसून कंटाळलं. इंद्रभानच्या मांड्या थरथरल्या की सत्यभामाबाई बैल सोडायची. "अजून एक खेप," तो म्हणायचा. "उद्याची हाये ते," ती म्हणायची. खेपा कमी होत गेल्या. रोग काही परत फिरला नाही, पण त्याला इंद्रभानला चालवत न्यावं लागलं, फरफटत नेता आलं नाही.

पोवळ्या गेला. त्यानंतरही भगवंतराव आणि सत्यभामाबाई रिकाम्या खुंट्याकडं पाहूनच बोलायचे.

ज्या वर्षी इंद्रभानचे पाय साफ संपले, त्या वर्षी भगवंतरावानं त्याला उचलून मेथीच्या वाफ्याशी, पाटाच्या काठी पोत्यावर ठेवलं. तिथून बसल्या बसल्या सरकत तो हातानं माती ओढायचा, एका वाफ्याचं पाणी तोडून दुसऱ्याला द्यायचा. भगवंतराव घरी आला, खुंट्यापुढं थांबला आणि म्हणाला,

"पोवळ्या, सांग तिले. निजवला नाही म्हना. कामावर बसवला."