बाहुल्यांचे तळ

माझ्या वडिलांचं सोलापुरात चिनी मातीच्या सामानाचं दुकान होतं. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी आपली विद्या मला दिली. जर्मन बाहुली हाती आली की तिच्या तोंडावर भाळायचं नाही, आधी उलटी करायची. तळाला निळ्या रंगात दोन तलवारींची फुली असली तर माल सगळ्यात नावाजलेल्या कारखान्याचा. ती खूण वरच्या चकाकीच्या थराखाली असते, नखाला लागत नाही. पण तलवारींवर आडवी चीर दिसली तर नग खोडीचा, कारखान्यानंच बाद केलेला.

पुढं लग्न होऊन मी अणदूरला आले. सोलापूर काही लांब नव्हतं, पण मधे निजामाच्या हद्दीचा नाका होता, आणि त्याहून कडक नाका म्हणजे माझे सासरे. सोबतीला माणूस दिल्याशिवाय सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, आणि माणूस द्यायचा की नाही हे ते ठरवणार. नवरा वडिलांपुढं तोंड उघडत नसे.

सासरे भुसाराचे व्यापारी. साहेबलोकांना नजराणे पाठवण्याची त्यांना भारी हौस. एकदा एका साहेबानं त्यांनी दिलेली बाहुली उलटी करून पाहिली आणि खोटी निघाली म्हणून भर बैठकीत हसला. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. सून यातली जाणकार आहे हे कळल्यावर त्यांनी इकडून तिकडून बाहुल्यांची एक पेटीच गोळा केली.

त्याच श्रावणात, पंचमीच्या तोंडावर, आईचं पत्र आलं. वडिलांनी अंथरूण धरलं होतं, मला बघायचं म्हणत होते. सासऱ्यांचा निरोप आला, "पेटी निवडून झाली की खुशाल जा म्हणावं."

आमच्याकडं सून सासऱ्यांशी बोलत नसे. ते सोप्यात, मी दाराआड, मधे सासूबाई. ते विचारत, "ही खरी का खोटी, विचार तिला." मी हळूच सांगायची, सासूबाई मोठ्यानं सांगायच्या, "चीर हाय म्हंती, बाद माल." का बाद, तेही त्या मला विचारून घेत. पहिली पेटी मी एका सकाळीत संपवली. खरं सांगते, मला मिरवायचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच मला कुणी काही विचारत होतं.

तिथंच घोटाळा झाला. सासरे खूश झाले आणि दुसरी पेटी आली. मग कुणा ओळखीच्याची तिसरी. पंचमी उलटून गेली, गावच्या माहेरवाशिणी झोके खेळून परत गेल्या. मी रोज विचारायची, आणि रोज तेच उत्तर, "एवढी पेटी होऊ दे." मला त्या बाहुल्यांच्या गुलाबी गालांची शिसारी आली.

शेवटी मी ठरवलं, आता सगळंच खोटं सांगायचं. आपल्याला काही कळत नाही असं त्यांना वाटलं की सुटका होईल. एक धनगरिणीची बाहुली हातात आली, अस्सल, निळी खूण स्वच्छ. मी सासूबाईंना म्हणाले, "खोटी हाय, आत्याबाई."

सासूबाईंनी ती उलटी केली, नख फिरवलं, उजेडाकडं धरली. मग सोप्याकडं तोंड करून म्हणाल्या, "अवो, खोटं सांगतीया ही. तलवारी हायत, चीर न्हाय, रंग नखाला लागत न्हाय. खरी हाय."

सासरे म्हणाले, "तुला कळतंय व्हय? बघ बरं ही दुसरी." सासूबाई पदर सावरून पेटीजवळ बसल्या. त्या घरात त्यांनाही कधी कुणी काही विचारलं नव्हतं. मला राग आला, आणि तो पुरता धरताही येईना.

दुसऱ्याच सकाळी मला पोचवायला माणूस मिळाला. आता माझी गरज उरली नव्हती.

सोलापुरात उतरले तेव्हा वडिलांना जाऊन चार दिवस झाले होते. आईनं एवढंच विचारलं, "इतके दिवस तिथं काय करत होतीस?" बाहुल्या निवडत होते, हे मला तिला आजन्म सांगता आलं नाही.